भांडखोर बाई आणि अकरा खाटा

“ए खिडकी, आधी माणूस बघ!”

ही तिची हाक. माझं नाव तिला ठाऊक होतं, पण दहा-बारा वर्षांत तिनं ते एकदाही उच्चारलं नाही. नाशिकमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी केसपेपर काढायच्या खिडकीत बसायचो, म्हणून मी ‘खिडकी’. मला ती आवडायची नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळेच गोड होतात, आणि तिला ते मुळीच खपलं नसतं.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, आवाज पोर्चपासून पहिल्या मजल्यापर्यंत पोचणारा. पूर्वी ती एका प्रसूतिगृहात आया होती. नोकरी संपल्यावर आमच्या मागच्या वस्तीत राहायची आणि ज्याला कोणी विचारत नाही अशा पेशंटला धरून आमच्याकडे आणायची. रांग तिला मान्य नव्हती. “रांग उभं राहता येणाऱ्यांची. हिला उभं राहता येतंय का? मग?”

सरकारी सवलती घेतल्यामुळे हॉस्पिटलला गरिबांसाठी काही खाटा मोफत राखून ठेवाव्या लागत. आमच्याकडे अशा अकरा होत्या. त्यांवर इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी असत. तपासणीला साहेब आले की व्यवस्थापक त्या खाटा मिरवून दाखवत. चादरी स्वच्छच राहत, कारण त्यांवर सहसा कोणी झोपतच नसे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवल्याशिवाय मोफत केसपेपर काढायचा नाही आणि खाट द्यायची नाही, असा नियम होता. आजारी माणूस दाखला खिशात घालून हिंडत नाही, हे व्यवस्थापकांना पक्कं माहीत होतं. मलाही होतं.

एकदा ती हरसूलकडच्या एका गरोदर मुलीला घेऊन आली. मुलीचे पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटलेले. सोबत तरणा नवरा. दोन ठिकाणी फिरून आमच्याकडे आले होते. मी दाखला मागितला.

“खिडकी, हिचं प्रेशर वाढलंय. झटके येतील. मी शेकड्यानं बाळंतिणी बघितल्यात.”

“बाई, मी डॉक्टर नाही. दाखला आणा, लगेच खाट देतो.”

“मग डॉक्टरला बोलव!”

“केसपेपर निघाल्याशिवाय डॉक्टर बघत नाहीत.”

बाई माझ्याशी भांडत होती, तेवढ्यात नवरा काहीही न बोलता एसटी पकडायला निघूनही गेला. त्याला वाटलं, साहेब मागतोय ते आणून दिलं की झालं. मुलगी बाकावर आडवी झाली. बाई व्यवस्थापकांच्या दारावर थापा मारत राहिली. ते मीटिंगमध्ये होते. दुपारी मुलीला झटके आले. मग मात्र डॉक्टर धावत आले, स्ट्रेचर आलं, सगळं आलं. मुलगी गेली. पोटातलं बाळही गेलं.

बाई आता हॉस्पिटल डोक्यावर घेणार, म्हणून मी वॉचमनला जवळ बोलावून ठेवलं. ती आली आणि अगदी हळू बोलली, “तिचा नवरा येईल दाखला घेऊन. घे तो. शिक्का नीट बघून घे.”

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याला कोणी काही कळवलेलं नव्हतं. “साहेब, दाखला,” म्हणाला. शिक्का ठळक होता. मी तो कागद हातात घेतला आणि शिक्क्याकडेच बघत राहिलो. शेवटी बाईच पोर्चमधून आली आणि त्याला दंडाला धरून बाजूला घेऊन गेली.

त्यानंतर मी सुधारलो, असं समजू नका. मी फक्त तिच्या नजरेला नजर देणं बंद केलं.

पुढे काही वर्षांनी तिनं ज्याला आणलं, त्याला पाहून मला हसूच फुटलं. वस्तीत हातभट्टीची दारू विकणारा माणूस. यानंच दगड मारून तिचं कपाळ फोडलं होतं. टाके घालायला ती आमच्याकडेच आली होती. आता तो रक्ताच्या उलट्या करत होता, आणि मधूनमधून तिला जातीवरून शिव्याही देत होता.

“बाई, याच्यासाठी भांडणार तुम्ही?” मी विचारलं.

“नालायक आहे तो. मला काय नवीन सांगतो? नालायकाचं रक्त जात नाय का?”

“पण—”

“तो मेला तर मी रडणार नाय. पण त्याच्या मरणानं मरू दे, तुझ्या नियमानं नको.” मग ती वाकून थेट माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “चांगल्या माणसांपुरताच दवाखाना ठेवला, तर तुला तरी कोण घेईल रे आत?”

मी दाखल्याशिवाय केसपेपर काढला. पहिल्यांदाच. इस्त्रीची चादर लाल झाली. व्यवस्थापकांनी मला मेमो दिला. बाईनं आभार वगैरे काही मानले नाहीत. महिनाभरानं येऊन एवढंच म्हणाली, “काल परत शिव्या दिल्या मेल्यानं. आवाज लय सुधारलाय त्याचा.” आणि हसली. तिला हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

एका उन्हाळ्यात ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, कुठे गावाला गेली असेल. बरंच वाटलं, खरं सांगतो. मग तिची सून कसल्याशा कागदासाठी आली, तिच्याकडून कळलं. छातीत पाणी झालं होतं. पंधरा दिवस धाप लागत होती. घरातच गेली.

“इथे का नाही आणलंत? दोनशे पावलांवर तर आहे!”

“लय म्हटलं आम्ही,” सून म्हणाली. “आत्या म्हणायच्या, तिथे जायचं तर भांडायला अंगात जोर पायजे. तो आता नाय.”

बाईसाठी भांडणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात नांदगावकडचा एक म्हातारा बायकोला घेऊन आला. तिचा चेहरा पिवळा पडलेला, ओठ कोरडे. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “दाखला आणा.” तो “बरं साहेब” म्हणाला. वाद नाही, आवाज नाही. बायकोला खांद्याशी धरलं आणि दाराकडे वळला.

मी उठलो. रांग तशीच सोडून पोर्चमधून फाटकापर्यंत धावलो आणि मागून ओरडलो, “ओ बाबा, थांबा!”

म्हातारा दचकून जागीच थांबला. बायकोला फाटकाच्या खांबाला टेकवून त्यानं दोन्ही हात जोडले.

“काय चुकलं का माझं, साहेब?”