आधी घालून बघायचा रविवार

शहाद्याला आमच्या चर्चच्या मागे एक खोली आहे. तिथे एक लोखंडी कपाट आहे, दोन डुगडुगणारी बाकडी आहेत आणि नाताळ भेट समिती आहे. कपाटातले कपडे दर डिसेंबरला डोंगरातल्या पाड्यांवर जातात. किस्से मात्र खोलीतच साठत राहतात. नवीन माणूस चहाला आला, की कपाट उघडावं लागत नाही. किस्से आपोआप बाहेर पडतात!

समितीत चार माणसं. मनोहरभाऊ अध्यक्ष, बसस्टँडजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. रूथताई खजिनदार, नर्स म्हणून रिटायर झाल्या, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. मी सचिव, कारण शाळामास्तरचं अक्षर चांगलं असतं असा समज आहे. चौथी शैला, माझी बायको. ती गेल्याला दीड वर्ष झालं. तिची जागा आम्ही भरलेली नाही. तिचे नियम मात्र अजून चालू आहेत.

*

पहिला नियम कसा झाला, ते सांगतो.

एका वर्षी दानाच्या खोक्यात आलेले कपडे निवडायला शैला बसली होती. एक विजार निघाली, तिला चेन नाही. एक स्वेटर निघाला, त्याची एक बाही उंदरांनी नेलेली. सात मोजे निघाले, सातही वेगवेगळे.

शैला कधी ओरडायची नाही. तिने सगळं पुन्हा खोक्यात भरलं आणि म्हणाली, "पूर्वेकडच्या मागी लोकांनी बाळ येशूसाठी वापरलेला ऊद आणला नव्हता!"

तिच्या सांगण्यावरून पास्टरांनी उपासनेत जाहीर केलं. नाताळच्या आधीच्या रविवारी, ज्याला जे द्यायचं आहे ते त्याने स्वतः अंगात घालून चर्चला यायचं. मावत नसेल तर खांद्यावर टाकायचं. लाज वाटली, तर ती वस्तू देण्यासारखी नाही असं समजायचं.

मनोहरभाऊ बिथरले. "विजार मन्ही शे! चेन नही त काय व्हयनं? कापड त भारी शे!"

आणि ते खरोखर तीच विजार घालून आले. पहिल्या बाकावर बसले. बसले होते तोवर ठीक होतं. मग गीत सुरू झालं, मंडळी उभी राहिली. मनोहरभाऊंनी गीतपुस्तक दोन्ही हातांनी कमरेखाली धरलं आणि चारही कडवी न बघता म्हटली.

बाहेर आल्यावर रूथताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला एवढं पाठ आहे, हे माहीत नव्हतं!"

सोमवारी विजारीला चेन लागली.

*

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आमच्या नाताळच्या आसपासच भरते. मनोहरभाऊंना घोडा घ्यायचा नसतो, पण भाव विचारल्याशिवाय राहवत नाही. एका वर्षी ते तिथून बारा ब्लँकेटं घेऊन आले. जाड, आतून अस्तर, पिवळी किनार. समिती खूश.

रूथताईंनी एक उलगडलं. खाली दोन पट्टे लोंबत होते, बकलासकट.

"हे कशाला?"

"वारा लागाले नको म्हनीसन!" मनोहरभाऊ म्हणाले.

नियमाप्रमाणे रविवारी ते एक ब्लँकेट पांघरून आले. पोटाखालून पट्टा घेऊन बकल लावलं, तर चपखल बसलं. आमचा जीपवाला दिलवर दारात उभा होता. तो धडगावकडच्या डोंगरातला. पावरी त्याची घरची भाषा आणि अहिराणी बाजारची. त्याने मनोहरभाऊंना पुढून पाहिलं, मग मागून पाहिलं.

"भाऊ, हाई झूल शे. मांगे शेपटीनी जागा बी सोडेल शे!"

मंडळीने पास्टरांकडे पाहिलं. पास्टर शांतपणे म्हणाले, "असू द्या. आपल्या प्रभूचा जन्म गोठ्यातलाच आहे."

झुली डोंगरात गेल्या. पुढच्या वर्षी आम्ही दिलवरमार्फत विचारलं, यंदा काय आणायचं? तो निरोप घेऊन आला. "घोडानंच आना म्हनतस. मानसनं पातळ ऱ्हास!"

*

पुण्याच्या एका बाईंनी ठरवलं, की नाताळात मैत्रिणींना वस्तू द्यायच्या नाहीत. त्याऐवजी मैत्रिणीच्या नावाने एका गरजू घराला बकरी द्यायची. मैत्रिणीला फक्त कार्ड, त्यावर बकरीचं चित्र. विचार चांगलाच होता. बकरी आमच्यामार्फत जेमाबाईकडे गेली.

जेमाबाई म्हणजे दिलवरच्या गावची एक म्हातारी. तिचे देव वेगळे आहेत आणि नाताळ म्हणजे काय हे तिने कधी विचारलं नाही. शैलाचा दुसरा नियमच होता, भेटीबरोबर पत्रक द्यायचं नाही आणि प्रवचन तर नाहीच. जेमाबाईच्या लेखी आम्ही थंडीतले पाहुणे. शैला दर वर्षी तोच निळा स्वेटर घालून जायची, स्वतः विणलेला, पांढऱ्या बटणांचा. जेमाबाई तिला शेजारी बसवून ती बटणं वरून खाली मोजायची. आठ. दर वर्षी आठच भरायची, आणि दर वर्षी दोघी हसायच्या.

तर वर्षभराने पुण्याहून फोन आला. बकरीसोबत त्या घराचा फोटो हवा होता. आम्ही गेलो. जेमाबाईने पाहुणचार केला. मक्याची भाकरी, झणझणीत मटण. मनोहरभाऊंनी दोनदा वाढून घेतलं. हात धुतल्यावर रूथताईंनी मोबाइल काढला. "चला, आता बकरी आणा!"

दिलवरने आत विचारलं. उत्तर ऐकलं. मग आमच्या पत्रावळींकडे पाहिलं.

"ताई, फोटो पहिले काढाले पाहिजे व्हता!"

पुण्याला शैलाने पत्र लिहिलं. त्यात एकही खोटा शब्द नव्हता. 'तुमची बकरी फार चांगली होती. आम्ही सर्वांनी तिचं कौतुक केलं.'

*

तरुण संघाने एका वर्षी चर्चवर टांगायचा नाताळचा प्लॅस्टिकचा तारा बंद केला. त्यांनी मोबाइलवरून बांबूचा तारा मागवला. शहरातल्या कुठल्याशा दुकानाचा, सुंदर विणीचा. सोबत चिठ्ठी होती की हा वनवासी कारागिराच्या हातचा आहे आणि त्याला कष्टाचं योग्य मोल मिळालं आहे.

दिलवरने तारा फिरवून पाहिला. "हाई मन्हा मेव्हनानं काम शे. गये साल तो आठेच बजारमा बठेल व्हता. पन कोनी घिदं नही."

"का नाही घेतलं?" रूथताईंनी विचारलं.

"एक भाऊ भाव पाडी ऱ्हायंतात."

मनोहरभाऊ तारा टांगायला शिडी आणायला गेले. शिडी तिथेच होती.

*

डोंगरात कुणाच्या घरून पिशवी रिकामी परत येत नाही. तुम्ही पिशवीतून साखर द्या, ती मक्याची कणसं भरून परत येईल. रूथताईंना हे खटकायचं. "आपण देऊन येतो की लुटून येतो?"

एका वर्षी त्यांनी युक्ती काढली. पिशव्या न्यायच्याच नाहीत! सगळं कागदात बांधलं. कागद कोण परत करणार?

जेमाबाईने कागदाची पुडी घेतली. पिशवी शोधली. नव्हती. मग ती परसात गेली आणि एक जिवंत कोंबडा आणून तिने थेट रूथताईंच्या मांडीवर ठेवला.

रविवारी रूथताईंनी मंडळीपुढे अहवाल दिला. कोंबडा जेमाबाईचा आग्रह होता, भेट नव्हती, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. त्या ठणकावून म्हणाल्या, "यंदा समितीने डोंगरातून काहीही घेतलेलं नाही!"

मागच्या खोलीत कोंबडा आरवला.

कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. तरी पास्टरांनी विचारलंच, "ताई, हे पहिल्यांदा म्हणालात की तिसऱ्यांदा?"

*

शैलाचा तिसरा नियम, घरात दोन असतील तर त्यातलं चांगलं द्यायचं.

ती गेल्यावर पहिल्या नाताळात मी दोन नव्या चादरी आणल्या, खांद्यावर टाकून चर्चला गेलो आणि समितीच्या हवाली केल्या. डोंगरात गेलो नाही. त्या वर्षी जेमाबाईही गावात नव्हती. घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती.

मनोहरभाऊंनी चादरी पाहिल्या. "सर, दुकानमातलं कोनीबी देस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनीनं कपाट यंदा नही ना उघाडं?"

"नाही."

"राहू द्या. पुढला साल दखशात."

यंदा त्यांनी विचारलं नाही. ते विचारत नाहीत, हेच मला जास्त जाणवू लागलं. डिसेंबरच्या सुरुवातीला मी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास होता, बाकी सगळं तिने लावलेलं तसंच होतं. तिच्या साड्या बहिणीने नेल्या होत्या. निळा स्वेटर होता. घरात स्वेटर दोनच, एक माझा आणि एक तिचा. त्यातला चांगला कुठला, यात वाद नव्हता.

द्यायचा तर आधी घालून बघायचा.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी तो घातला. खांद्यात घट्ट होत होता, बाह्या मनगटाच्या वर संपत होत्या. बायकांच्या कपड्यांची बटणं उलट्या बाजूला असतात, हे मला पन्नाशीनंतर कळलं. आठ बटणं लावायला बराच वेळ गेला.

आमची मंडळी अशी आहे, की चेन नसलेल्या विजारीची थट्टा तिने महिनाभर पुरवली आणि झुलीची वर्षभर. मी मधल्या वाटेने चालत तिसऱ्या बाकापर्यंत गेलो. गीत चाललं होतं. एकही मान वळली नाही. आमच्या चर्चच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं!

उपासना संपल्यावर मनोहरभाऊ माझ्याजवळ आले. काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून म्हणाले, "बटनं चांगली शेत, सर."

*

आता शेवटचा किस्सा. हा अजून मी मागच्या खोलीत कुणाला सांगितलेला नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात गेलो. ब्राह्मणपुरी मागे टाकली, घाट चढलो, दिलवरच्या गावी पोचलो. थंडी चांगलीच होती. स्वेटर मी कापडी पिशवीत घालून नेला होता. मनोहरभाऊ आणि रूथताई वरच्या पाड्यावर वाटपाला गेले. मी आणि दिलवर जेमाबाईकडे.

ती अंगणात शेकोटीजवळ बसली होती. उठून जीपपर्यंत आली, आत वाकून पाहिलं, मागचं सीट पाहिलं. मग दिलवरला काहीतरी म्हणाली.

"विचारी ऱ्हायनी, बाई नही उन्यात का?"

दिलवर शैलाच्या मातीला आला होता. त्याने खांदा दिला होता. गावात मात्र त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत थांबला.

मी म्हणालो, "नाही आल्या."

त्याने तेवढंच पावरीत सांगितलं. एक शब्द जास्त नाही.

मी पिशवी पुढे केली. जेमाबाईने स्वेटर बाहेर काढला. ओळखला. गुडघ्यावर पसरून बटणं वरून खाली मोजली. आठ भरली. ती हसली नाही. माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं, स्वेटर आणि पिशवी घेऊन आत गेली. तिने दिलवरलाही आत हाक मारली. थोड्या वेळाने तो पिशवी घेऊन बाहेर आला. भरलेली, तोंड सुतळीने बांधलेलं. डोंगरातली पिशवी, रिकामी कशी येणार! मी ती जीपमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सुतळी सोडली. वर मक्याची कणसं होती. खाली तुरीच्या शेंगा. शेंगांच्या खाली स्वेटर होता, नीट घडी घातलेला, आठही बटणं लावलेली.

मी दिलवरला फोन केला. "अरे, जेमाबाईचा स्वेटर चुकून माझ्या पिशवीत आला."

"चुकीसन नही, सर. मन्हा समोरच ठेवा तिनी."

"काही म्हणाली का?"

मागे त्याच्या जीपचं इंजिन चालू होतं, ते त्याने बंद केलं.

"बाईले सांगजो म्हने, थंडीमा आंगवरना असा काढीसन देत नका जाऊ. आम्हनाकडे शेकोटी तरी शे."