चार ओळींचा रिपोर्ट

शेवंती घशाच्या दुखण्यानं गेली नाही. हे सगळ्यात आधी लिही.

(नात टाइप करतेय, मी सांगतेय. मला अक्षर येत नाही. तोंड किती चालतं ते तुम्हाला माहीत आहेच.)

शेवंती माझी धाकटी जाऊ. पळस्प्याच्या घरात तीस वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं आणि एका चुलीवर भांडलो.

आज तिला जाऊन महिना झाला. अंगणात बसल्या बसल्या हार्ट अटॅक. पण भेटायला येणारा प्रत्येक जण स्वतःच्या गळ्याला हात लावून विचारतो, "शेवटी तेच ना?"

तेच नाही.

सात वर्षांपूर्वी तिची पहिली दुर्बीण झाली, घशातून नळी घालून आत बघतात ती. छातीतली जळजळ जाता जाईना म्हणून. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेचं अस्तर बदललंय. कॅन्सर नाही. पुढे होऊ शकतो. लक्ष ठेवा.

हे 'लक्ष ठेवा' घेऊन माणसानं जगायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आजारी म्हणावं, तर बाई पाणी भरते, भाजीचा मळा बघते.
बरी म्हणावं, तर जळजळ वर येऊ नये म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, सातच्या आत जेवण, आणि लग्नघरी हळदीच्या रात्री शिजतं त्या हळदीच्या मटणाला हात नाही.

लोक विचारायचे, "या वयात डायटिंग काय गो?"
"हिरोइन व्हायचंय मला," म्हणायची.

लक्ष ठेवायचं काम मी घेतलं. उचकी लागली की वळून बघायचे. घास गिळताना तिचा गळा बघायचे.

"बाय, जेवू दे गो मला. तू काय पोलीस हाय?"
"हाय. गप गीळ."

दर वर्षी दुर्बीण. आतला तुकडा तपासायला जायचा. मग आठ दिवस वाट बघायची. त्या आठ दिवसांत आमच्या घरात भांडीसुद्धा हळू घासली जायची.

रिपोर्ट तीच नवीन पनवेलहून आणायची. डॉक्टरांशी बोलून यायची, मला सांगायची. मग कागद माझ्या साडीच्या घडीत. मला वाचता येत नाही, म्हणूनच माझ्याकडून कागद हरवत नाहीत.

चौथा रिपोर्ट आला तेव्हा तिच्या लेकीचं लग्न दहा दिवसांवर होतं.

"मागच्यासारखाच हाय," म्हणाली आणि लगेच पापड लाटायला बसली. माझ्याकडे न बघता.

मी साडीच्या घडीतून जुना कागद काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. खालच्या चौकटीवर बोट फिरवलं.

"शेवंते, जुन्यात चार ओळी. यात नऊ. सारखाच हाय, तर एवढा लिवलाय काय?"

लाटणं थांबलं.

"पेशी बिघडाय लागल्यात," म्हणाली. "लग्न होऊ दे ना बाय. मग सांगणार होते."

"मग म्हणजे कधी? नातवंडाच्या बारशाला?"

ती रडली. मी आधी शिव्या दिल्या, मग रडले.

हळदीला ती नाचली. मी माझं ताट तसंच बाजूला सारलं. नवरी सासरी गेली, आणि दुसऱ्याच दिवशी मी हिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं.

दुर्बिणीतूनच तो भाग जाळून काढला. एकदा नाही, तीनदा. दर वेळी काही दिवस पेजसुद्धा चमच्या-चमच्यानं.

"बाय, बरं झालं तू शाळेत गेली नाय," म्हणायची. "कलेक्टर झाली असतीस, न् आमाला जगू दिलं नसतंस."

यंदाची दुर्बीण झाली आणि पाचव्या दिवशी ती गेली. रिपोर्ट कोणाला आठवलाच नाही.

काल तिची लेक घेऊन आली. पाकीट फोडून वाचायला लागली. म्हटलं, थांब.

तांदूळ निवडायचा चष्मा लावला. बोट ठेवलं.

एक.
दोन.
तीन.
चार.

त्याच्या खाली कोरा कागद.

शेवंते, सुटलीस गो.
आता हळदीचं मटण खा पोटभर.
मी बघत नाय.