व्हर्नाचा कोंबडीभात

आमच्या पाइनरिजमध्ये कुणी वारलं, की डॉक्टर दाराबाहेर पडायच्या आत व्हर्ना टिस्डेल कोंबडीभात घेऊन हजर. वर चीजचा जाड थर, भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. ते भांडं दारात दिसलं, की शेजाऱ्यांना काही विचारावं लागत नाही.

हीच बाई शनिवारी स्टेडियममध्ये बसली की तोंड आवरत नाही. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ तीन हंगाम सपाटून मार खातोय, आणि "हाकला त्या कोचला!" ही पहिली आरोळी तिचीच. तोच कोच, रॅन्सम पुएट, तिचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा रोज येऊन त्याच्या उशाशी जुन्या सामन्यांच्या गप्पा मारत बसायचा. मी एकदा वैतागून विचारलं, "अगं, तुला नक्की हवंय तरी काय?"

"तो राहावा आणि हरणं जावं."

कपाळ माझं! मलाही तेच हवं होतं.

नोव्हेंबरात शेजारच्या कॉलेजने आमच्याच मैदानावर आमची धूळधाण केली. सोमवारी पार्लरमध्ये डोरीन व्हर्नाचे केस रोलरवर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "काढलं गं कोचला." व्हर्ना तशीच अर्धे रोलर डोक्यात घेऊन उठली, घरी जाऊन तिने ओव्हन पेटवला. दुपारी तिला कोचच्या घरी घेऊन गेले ती मीच.

दार कोचच्या बायकोने उघडलं. भांडं पाहून कॉरीन पांढरीफटक पडली.

"कोण गेलं?"

"म्हणजे... तुम्हाला अजून कुणी..." व्हर्नाची बोबडीच वळली.

मागून कोच आला. त्याने भांड्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी मेली पायरी न्याहाळत राहिले.

"व्हर्नाबाई, मी गेलो का?"

"मला काय ठाऊक, बाबा! डोरीन म्हणाली."

तेवढ्यात आत फोन वाजू लागला, कॉलेजचाच असणार. कुणी हललं नाही.

"शनिवारी तुम्हीच ओरडत होतात ना?"

"हो. घसा अजून बसलाय."

"आणि हे तुम्हीच केलंत?"

"मग कोण करणार?" आणि ती रडायलाच लागली. "तू जावंस असं मला नकोय रे. ओरडत होते तेव्हाही नको होतं!"

कोच रागावलाय की हसू दाबतोय, काही कळेना. फोन थांबला, पुन्हा वाजू लागला. त्याने तिच्या हातातलं भांडं घेतलं.

"कॉरीन, ताटल्या काढ. गरम आहे तोवर बसू."

आम्ही चौघं हात धरून टेबलाशी बसलो. अन्नावरची प्रार्थना व्हर्नाने म्हणायची, हे ठरलेलंच. पण मयताच्या घरची म्हणावी की साध्या जेवणाची, तिला सुचेना. शेवटी डोळे गच्च मिटून म्हणाली, "देवा, याला राहू दे. आणि शनिवारी जिंकू दे."

"आमेन," कोच म्हणाला, आणि उठून त्याने अजून वाजतच असलेला फोन घेतला.