शुक्रवारचं तिकीट, शनिवारची मॅच

माझ्या कॉलेजची पहिली मॅच शनिवारी होती आणि माझं विमान शुक्रवारी. असं वाचून कुणाला वाटेल, म्हातारा शिकलेला दिसतो. तर आधीच सांगतो, मी चौथीत शाळा सोडली. शाळेनंच मला सोडलं असं आमचे मास्तर सांगत फिरायचे, ते मी कधी मान्य केलं नाही. पुढं चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आणि त्यातली तीस वर्षं आसपासच्या गावांत कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलो. गिरणीत माझं कुणी ऐकायचं नाही, पट्ट्याचा आवाज मोठा. मैदानात मात्र शिट्टी वाजली की वाजली. दिलेला निकाल मी आयुष्यात एकदाही फिरवला नाही. त्यातले दोन-तीन चुकीचे होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मुलानं मला जर्मनीला नेलं. तो झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची आई गेल्यापासून माझ्यामागं लागला होता. मी सहा महिने नाही म्हणालो आणि शेवटी अट घातली, की परतीचं तिकीट आधी हातात पाहिजे, ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारचं, त्यापुढं एक दिवस राहणार नाही. मुलगा म्हणाला, व्हिसा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे, गणपतीला दोन दिवस असताना पोचलात तरी चालेल. मी म्हणालो, शुक्रवार. तोच शुक्रवार का, हे त्यानं विचारलं नाही हे बरं झालं. माझ्याकडे कारण नव्हतं.

तिथं पोचल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी चहाच्या आधी लाल पेन्सिलीनं एक फुली मारायला लागलो. मारताना मोठ्यानं म्हणायचो, "गेला एक." माझी सून समोर डबे भरत असायची. आठवडाभर तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, असं जेलमध्ये भिंतीवर करतात."

"तिथं निदान बोलायला माणसं असतात," मी म्हणालो.

हे तिला लागलं असणार, पण खोटं नव्हतं. दोघं कामावर जायची, नात शाळेत. नातीला मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. मी विचारायचो, जेवलीस का, ती म्हणायची, या. आधी मला वाटलं मलाच या म्हणून बोलावते. मग कळलं, तिकडं होला या म्हणतात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अमेरिकन राहायचा. स्टुटगार्टजवळ अमेरिकन लष्कराची छावणी आहे, तिथून निवृत्त झालेला. जर्मन बाईशी लग्न करून इथंच राहिला, बाई वारली तरी परत गेला नाही. वय माझ्याएवढं, रुंदी दुप्पट, डोक्यावर कायम जांभळी टोपी. मागच्या बागेत आम्ही एकमेकांना मान हलवायचो. तेवढंच.

एका दुपारी मी त्याच्या खिडकीवरून जात होतो. आत टीव्हीवर शिरस्त्राणं घातलेली दणकट पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी थांबलो. खेळ काय आहे ते कळत नव्हतं, पण चुन्याची रेषा कळत होती. एक पोरगा लंबुळका चेंडू काखेत मारून कडेकडेनं पळाला, शेवटपर्यंत गेला, पंचानं दोन्ही हात वर केले, लोक नाचायला लागले. आणि मी बाहेरून, दुसऱ्याच्या खिडकीत उभा राहून, हात आडवा केला. पाय रेषेवर पडला होता. बाद.

अमेरिकनानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग कॅसेट मागं घेतली, परत लावली. मी परत हात आडवा केला. त्यानं तिसऱ्यांदा लावली, टीव्हीला नाक लावून पाहिली, आणि मग आतून दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. नंतर सूनबाईनं त्याच्याशी बोलून सांगितलं, की हा अमेरिकन फुटबॉल, ती मॅच वीस वर्षांपूर्वीची होती, ती त्याच्याच कॉलेजनं जिंकली होती, आणि पाय रेषेवर होता हे तेव्हापासून त्याला मनातून ठाऊक होतं. चुकीचा निकाल मनात ठेवून जगणारा माणूस मला लांबूनसुद्धा ओळखू येतो.

त्यानंतर रोज दुपारी खाली. मला इंग्रजी नाही, त्याला मराठी नाही. मी त्याला 'बस' हा एकच शब्द शिकवला, तो त्यानं सगळ्यासाठी वापरला. मी आलो की बस, कॉफी पाहिजे का तर बस, बाहेर चाललो की बस. खेळ त्यानं मला टेबलावर बाटलीची झाकणं मांडून शिकवला आणि मी तो कबड्डीतून समजून घेतला. चढाईच आहे, फक्त घरी परत यायचं नाही. चार चढायांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याला. शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. प्रत्येक चढाईनंतर हे लोक गोल करून कानगोष्टी करतात, ते मला आवडलं नाही. आमच्याकडे चढाईला जाणारा कुणाला विचारून जात नाही. आणि अंगावर एवढ्या गाद्या कशाला, हे मी त्याला शर्ट वर करून माझ्या बरगडीवरची खूण दाखवून विचारलं. त्यानं पँट वर करून गुडघा दाखवला. गुडघा माझ्या बरगडीपेक्षा वाईट होता. मी गाद्यांचा विषय सोडला.

त्याच्या कपाटात पन्नासेक कॅसेट होत्या. दोन महिन्यांत आम्ही बहुतेक सगळ्या पाहिल्या आणि प्रत्येक मॅच जांभळे जिंकले. असला संघ मी जन्मात पाहिला नव्हता. रात्री जेवताना मी मुलाला सांगायचो, आज परत जिंकलो. तो मान हलवायचा, लक्ष ताटात.

एकदा सूनबाईनं सांगितलं, की अमेरिकन त्या कॉलेजात एकच वर्ष होता, मग शिक्षण सोडून सैन्यात गेला. मी म्हणालो, मग कॉलेज त्याचं कसं? ती म्हणाली, त्यांच्यात एकदा झालं की मरेपर्यंत आपलं. हा कायदा मला फार पटला. त्याचं एका वर्षात होत असेल, तर माझं एका उन्हाळ्यात व्हायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवसापासून मी त्याची जुनी जांभळी टोपी घालायला लागलो. त्यानं दिली नव्हती, खुंटीवर होती. 

ऑगस्ट लागला तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. नवा हंगाम तोंडावर आला होता. कॅसेट बाजूला पडल्या. तो रोज संगणकावर नव्या पोरांचे फोटो दाखवायचा, कोण गेलं, कोण आलं, कुणाचा खांदा दुखावला. मी गिरणीवाला माणूस, पोत्याचं वजन नजरेनं सांगतो. मी फोटो बघून सांगायचो, हा चालेल, हा पडेल. एका जाड्या पोराबद्दल आमचं भांडण झालं आणि दोन दिवस आम्ही बागेतल्या वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला हाक मारली. बस. त्याच्या फ्रिजवर नव्या हंगामाच्या सामन्यांचा तक्ता लावलेला होता. पहिल्या चौकटीवर बोट ठेवून त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं, मग दोन्ही खुर्च्यांवर. मी त्याच्या हातावर हात मारला. आमच्या गावात असा हात मारला की तो शब्द असतो, त्याला कागद लागत नाही.

वर आलो, कॅलेंडर पाहिलं. तक्त्यावरचा आकडा शनिवारी येत होता. त्याच्या आदल्या चौकटीत, जूनमध्ये मीच लाल पेन्सिलीनं काढलेलं विमान.

आता आली पंचाईत. इकडे हात मारलेला, तिकडे शुक्रवारनंतर एक दिवस नाही असं सगळ्यांसमोर ऐकवलेलं. तिकीट पुढं ढकल एवढंच मुलाला म्हणायचं होतं. पण त्या घरात अडीच महिने मी एकच गोष्ट रोज मोठ्यानं म्हणत आलो होतो, ती म्हणजे गेला एक. आता कुठल्या तोंडानं राहू द्या म्हणणार?

मी फुल्या मारायच्या बंद केल्या. कुणीतरी विचारेल, मग बोलता येईल. कुणी विचारलं नाही. मग गुडघा दुखतो म्हणालो. सूनबाईनं दोन दिवस तेल चोळलं, आणि मुलगा म्हणाला, बरं झालं चाललाय, तिकडे आपले डॉक्टर आहेत. मग मी नातीला पुढं केलं. सगळे जेवायला बसलेले असताना तिला विचारलं, आजोबा चालले, तुला रडू येणार ना? तिनं विचार केला, नाइन म्हणाली, म्हणजे नाही, आणि दही मागितलं.

बुधवारपर्यंत बॅग भरून झाली. गुरुवारी सकाळी सूनबाई प्रवासासाठी धपाटी करत होती. तिनं त्यासाठी रजा घेतली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो, परत आलो, परत गेलो.

"काय पाहिजे, बाबा?"

"काही नाही."

तिसऱ्या खेपेला तिनं तव्याखालची आच बंद केली आणि माझ्याकडे वळली. "अकरा तारखेपासून कॅलेंडरवर फुली नाही," ती म्हणाली. "एकोणीस दिवस मी वाट बघतेय. मी तुमच्यासाठी बोलणार नाही. तुम्ही बोला."

तिच्या हाताला पीठ होतं. मला तिच्या त्या उभं राहण्यात पंच दिसला. तीस वर्षं मी तसाच उभा राहायचो.

"मला शनिवारची मॅच बघायची आहे," मी म्हणालो.

ती हसली नाही, हे मी तिचे उपकार मानतो. तिनं हात धुतला, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे मुलगा, मागं कारखान्याचा आवाज. मी तेच वाक्य परत म्हणालो.

"कसली मॅच, बाबा?"

"कॉलेजची."

"कुठल्या कॉलेजची?"

"आमच्या," मी म्हणालो.

 मग तो म्हणाला, बघतो. संध्याकाळी येऊन सांगितलं, की तिकीट पुढच्या शुक्रवारचं मिळालं. मी बरं म्हणालो. थँक्यू वगैरे आमच्याकडे बाप मुलाला म्हणत नाही. मी त्याच्या ताटात एक धपाटं जास्त वाढलं.

शनिवारी संध्याकाळी सहाला मॅच. एकदा तोंड उघडलंच होतं, तर सूनबाईकडे तिची जांभळी ओढणीही मागून घेतली आणि कडक फेटा बांधला. पंचाची शिट्टी खिशात घातली, ती मी गावाहून आणलीच होती. अमेरिकनानं दार उघडलं, फेटा पाहिला आणि आपली टोपी काढून खुंटीला लावली.

टीव्ही चालू होता. मी बसलो. मैदानात एक संघ लाल, एक पांढरा. जांभळे येतील म्हणून मी वाट पाहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रेडिओसारखा कुणीतरी ओरडत होता आणि अमेरिकन मधूनच टाळी वाजवायचा, तेव्हा टीव्हीवर सगळे नुसते पाणी पीत असायचे. एकदा पांढऱ्यानं चेंडू पलीकडे नेला तर हा ढिम्म. मी त्याच्याकडे पाहून टीव्हीकडे हात केला, आपले कुठं आहेत? त्यानं मान खाली घातली आणि कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट केलं. ओरडणारा त्यातून ओरडत होता. त्याच्याकडे अमेरिकन लष्कराचं चॅनल लागायचं, त्यांनी त्या दिवशी दुसऱ्याच कॉलेजांची मॅच दाखवायला घेतली होती. आमची फक्त ऐकायला होती, तीही इंग्रजीत.

ज्यासाठी मी तव्यासमोर मान खाली घातली, ती मॅच ही.

अमेरिकन उठला. त्यानं टीव्ही बंद केला, टेबल मध्ये ओढलं, त्यावर चिकटपट्टीनं रेषा मारल्या आणि झाकणं मांडली. संगणक ओरडायचा, तो झाकण सरकवायचा. मी रेषेवर डोळा ठेवून बसलो. पहिलं झाकण शेवटच्या पट्टीपलीकडे गेलं तेव्हा मी शिट्टी मारली. वर तिसऱ्या मजल्यावर मुलानं म्हणे सूनबाईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, आपल्याला सहा मिळाले.

तीन तास आम्ही दोघं त्या टेबलावर वाकलेले. त्याचं एक झाकण रेषेला टेकलं, मी बाद दिलं. त्यानं संगणकाकडे बोट करून नाही म्हटलं. मी ऐकलं नाही. मग त्यानं झाकण मागं घेतलं. तिकडे अमेरिकेत काय निकाल लागला असेल तो लागो.

शेवटी संगणक जोरात ओरडला आणि अमेरिकनानं झाकणाला हातच लावला नाही. मी त्याला हात करून विचारलं, काय झालं? त्यानं अंगठा खाली केला.

आम्ही हरलो होतो. हा संघ हरूही शकतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उठून कपाटाकडे गेलो, कॅसेटांवरून हात फिरवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. हरलेल्या मॅचची कॅसेट या माणसानं ठेवलीच नव्हती.

मी दाराकडे निघालो. "बस," तो म्हणाला, आणि मला फ्रिजपाशी नेलं. तक्त्यावरची दुसरी चौकट दाखवली. मग संगणक नाही अशी मान हलवून टीव्हीकडे बोट केलं, दोनदा. पुढच्या शनिवारी आमची दाखवणार होते.

शनिवारी. माझं तिकीट परत शुक्रवारचं.

मी त्याच्या हातावर हात मारला आणि जिना चढलो. फेटा तसाच डोक्यावर. सूनबाई दार उघडून उभी होती, माझं तोंड पाहून तिला निकाल कळला. मी चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या, त्याला जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"पोरी," मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी टीव्हीवर आहे."

तिनं आत वळून पाहिलं. मुलगा सोफ्यावर पेपर वाचत होता, पाच पावलांवर. तिनं बाजूला होऊन मला वाट दिली.