पत्र्याखालचं बोलणं

आमच्या घरावर कवेलू होते तोवर वानरं ते फोडायची आणि बाबा छपरावर चढून बदलायचे. मला पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर बाबांनी कवेलू उतरवून निळे पत्रे टाकले. काकू म्हणाली, "खालून तट्टे मारा, नाई तर पावसापाण्यात बोलणं आयकू येनार नाई." मीच नको म्हटलं. बांबूच्या तट्ट्यांनी नवा पत्रा झाकला तर पाहुण्यांना दिसणार कसा? दिखाव्याची मला भारी हौस.

पाहुणे दुसरबीडहून आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. ते बैठकीत टेकतात न टेकतात तोच सर आली आणि पत्रा असा वाजू लागला की शेजारच्याचंही बोलणं कळेना. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत वर हातभर उघडीच होती, पण या गलक्यात कोण ऐकतंय! मी दाराआडून मुलाला पाहून आले होते.

"कसा हाय वं?" आईनं चहा गाळत ओरडून विचारलं.

"दात पाह्यले काय त्याचे? ओठात मावत नाईत! मले नाई करायचा हा दात्या!"

मी बोलायला लागले तेव्हा पाऊस होता. शेवटच्या वाक्याला नव्हता. नळ बंद करावा तसा थांबला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी डोक्यावर पदर घेऊन पोहे न्यावेच लागले. बाबा खाली पाहत होते. मुलाच्या आईनं शिक्षण, स्वयंपाक, सगळं रीतसर विचारलं. मुलानं ओठ घट्ट मिटले होते. पोह्यांना त्यानं हात लावला नाही. निघताना बाबांच्या पाया पडला आणि कसनुसा हसला, तेही तोंडावर हात धरून. तो हात आठवला की आजही मान खाली जाते.

बाबा माझ्याशी बोलेनात. मला वेगळीच धास्ती होती. ही गोष्ट गावोगाव जाणार आणि तोंडाळ म्हणून माझं कुठेच जमणार नाही.

मग मुलाच्या वडिलांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"पोरगी चांगली हाय तुमची. पन देवक एकच निघालं, सोयरीक नाई जमत. पोरगा म्हने, कोनी विचारलं तर एवढंच सांगा."

देवक आम्ही पाहुण्यांना बोलावण्याआधीच विचारून घेतलं होतं. वेगळं होतं.