फडक्यावर वाळवलेली भुकटी

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या विषयात प्रयोगाची वही लिहिताना 'मी' लिहायचा नसतो. मिश्रण तापवले, गाळले, वाळवले, एवढंच. कोणी तापवले, कोणाचं बोट भाजलं, हे कोणी विचारत नाही. पाच वर्षं तसंच लिहीत आल्यामुळे इथे 'मी' लिहिताना दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. काय लिहावं आणि काय मनात ठेवावं, हे सांगणारं घरात कोणी नाही. चूक झाली तर माझीच समजावी.

तरी लिहितो, कारण प्रयोगाच्या वहीत शेवटी 'निष्कर्ष' असतो. आभारांसाठी जागा नसते.

माझं गाव घाटनांदूरजवळ. सकाळच्या एसटीने मी तालुक्याच्या कॉलेजात जातो. एमएस्सी रसायनशास्त्राचं हे दुसरं वर्ष. आमच्या मॅडम प्रकल्प वाटून देत होत्या तेव्हा मी सगळ्यात मागे उभा होतो. सोपे विषय संपले आणि माझ्या वाट्याला उजेडाचे रेणू आले.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "काही रेणू उजेड घेतात आणि दुसऱ्या रंगाचा उजेड परत देतात. ते चकाकतात. काही रेणू उजेड लागला की कूस बदलतात, आणि त्यांचा रंगच बदलतो. आपण एक नवा रेणू करून बघू. चकाकला तर चकाकला."

त्यांनी कपाटातून एक तपकिरी बाटली काढली. त्यांच्या स्वतःच्या पीएचडीच्या वेळी पुण्यात बनवलेलं एक रसायन, अल्डिहाइड, तिच्यात होतं, तळाला चमचाभर उरलेलं. ते पुन्हा बनवायची सोय आमच्या कॉलेजात नाही. ती बाटली त्यांनी इतकी वर्षं जपली होती आणि माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी धरली.

अल्कोहोलमध्ये ते सगळं अल्डिहाइड आणि अमाइन नावाचं दुसरं रसायन घालून दोन तास तापवलं. थंड पाण्यात चंबू धरताच पिवळीधमक भुकटी खाली बसली. मी घाईघाईने गाळली. ओल्या भुकटीचा वितळणबिंदू घेता येत नाही, ती वाळवायला हवी होती. ओव्हन लावला आणि लाईट गेली. ती चारपर्यंत येणार नाही, असं कळलं.

आता माझी चूक सांगतो. आमच्या घरी काहीही वाळवायचं तर एकच जागा असते. शेवया, मिरच्या, हळद, भिजलेलं दप्तर, सगळं उन्हात. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी भुकटी घेऊन कॉलेजच्या गच्चीवर गेलो. गाळणकागद वाऱ्याने उडू लागला, म्हणून डब्याभोवतीचं भाकरीचं फडकं सोडलं, चार कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि आई शेवया पसरते तशी भुकटी त्यावर पसरली. मग तासाला जाऊन बसलो.

परत आलो तर भुकटी लाल झाली होती. अगदी विटेसारखी.

मॅडमची इतक्या वर्षांची बाटली मी एका दुपारी नासवली, एवढंच डोक्यात आलं. भुकटी खरवडून एका शिशीत भरली, शिशी ॲप्रनमध्ये गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मॅडमनी विचारलं तेव्हा, "अजून वाळली नाही," असं म्हणालो. मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

सोमवारी लवकर आलो. कोणी यायच्या आत ती भुकटी मोरीत टाकून द्यायची असं ठरवलं होतं. ॲप्रन उघडला तर शिशीत पिवळीधमक भुकटी.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते काचसामान धूत होते. माझा चेहरा बघून त्यांनी शिशी हातातून घेतली.

"काय हाय बे हे? आन ॲप्रनात कावून लपवलंस?"

"मामा, ही शनिवारी लाल होती."

"आन आता पिवळी. तू जेवून आलास का न्हाई सकाळी?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. शिशी घेऊन सरळ खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि धुणं पुढे चालू केलं. पाव तासाने हात पुसत आले. "चल," म्हणाले, "मॅडमला बलवून आण. आन खोटं बोललास ते आधी सांग. मग ही दाखव."

मी तसंच केलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी लाल झालेली शिशी कपाटात बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर उघडली. पिवळी. पुन्हा उन्हात ठेवली. लाल. त्या खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"अरे, कूस बदलतोय हा!"

त्यांनी तिथूनच पुण्याच्या आपल्या जुन्या सरांना फोन लावला. बोलणं संपल्यावर मला म्हणाल्या, "सर म्हणतात, हे खरं असेल तर मुलाला पुढचे सहा महिने इकडे पाठव, प्रकल्प इथेच पूर्ण करू दे. मी त्यांना शब्द दिलाय, खरं आहे म्हणून."

पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा महिने. मी घरी जाताना एसटीत उभा होतो, पण पाय दुखले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मामांचं लक्ष फडक्याकडे गेलं.

"याच्यावरच वाळवली व्हती?"

"हो."

"ह्ये पिवळं कशाचं हाय?"

"हळदीचं. आई याच्यावर हळद वाळवायची. धुतलंय, पण जात नाही."

मामा चावायचे थांबले. "लेका, सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आन साबण लावला, तर त्यो लाल व्हतो का न्हाई? हळदीला चुना लावूनच तर कुंकू करत्यात. गच्चीला चुन्याची सफेदी हाय. तुझी भुकटी लाल झाली का तुझ्या आईची हळद?"

हे मला सुचायला हवं होतं, मी रसायनशास्त्र शिकतो. शिशीत ती परत पिवळी का होते याचं उत्तर त्यात नव्हतं, पण भुकटीत हळद असेल तर माझ्या रेणूबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नव्हतं. त्या मिनिटभरात मी जे मनात आणलं ते लिहायची लाज वाटते. मामा सोडून फडक्याचं कोणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिलो असतो तर पुण्याला गेलोही असतो. पण मॅडमनी शब्द माझ्या भरवशावर दिला होता. मी काही बोलायच्या आत मामांनी डबा मिटला. "म्या सांगणार न्हाई," ते म्हणाले. "तूच सांगशील." आणि निघून गेले.

मी फडकं घडी करून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. भुकटी याच्यावर वाळवली आणि याला हळद आहे, एवढं सांगितलं.

"बरं झालं आत्ताच सांगितलंस," एवढंच म्हणाल्या. "चल, बघून घेऊ."

पांढरा थर दिलेल्या पट्टीवर खाली दोन ठिपके द्यायचे, एक माझ्या भुकटीचा, एक फडक्यातून अल्कोहोलमध्ये उतरवलेल्या हळदीचा. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक वर चढतो आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीवर नेऊन सोडतो. मग अतिनील दिव्याखाली बघायचं. आमच्या दिव्याची नळी मागच्या वर्षीच गेली आहे. मामा गेले आणि तासाभराने मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या मेव्हण्याच्या आडत दुकानातून नोटा तपासायचा दिवा घेऊन आले.

खोली अंधारी करून दिवा लावला. सगळ्यात आधी मामांचा सदराच निळा चकाकला.

"आं? म्या पण संशोधनात हाय का?"

"धुण्याच्या पावडरीत चकाकणारा रंग असतो, मामा," मॅडम हसत म्हणाल्या. मग पट्टी दिव्याखाली धरली आणि हसू थांबलं. हळदीचा ठिपका हिरवट पिवळा चकाकत होता. माझ्या भुकटीचा मोठा गडद ठिपका वर होता, अगदी वेगळ्या ठिकाणी. पण खाली, हळदीच्या बरोबर उंचीवर, एक पुसट हिरवट ठिपका माझ्या रांगेतही होता. हळद होतीच.

मॅडमनी चिमूटभर भुकटी तशीच शिशीत ठेवली. बाकीची स्वतः शुद्ध करायला घेतली. गरम अल्कोहोलमध्ये विरघळवली, गाळली आणि रात्रभर हळूहळू थंड होऊ दिली. सकाळी चंबूत केसाइतके बारीक, सुंदर स्फटिक होते. दिव्याखाली हळदीचा मागमूस नाही. मॅडमनी ते गच्चीवर उन्हात ठेवले आणि आम्ही तिघं भोवती उभे राहिलो.

तासभर उभे होतो. ते पिवळे ते पिवळेच.

मामा म्हणाले, "ऊन कमी आसंल." ऊन डोक्यावर होतं.

मॅडम दुसरं काही करू शकल्या असत्या. पुण्याला नुसती जुनी चिमूट पाठवता आली असती. त्यांनी दोन्ही पाठवल्या, दोन वेगळ्या शिश्यांत, आणि सोबत पत्र लिहिलं. त्यात गच्ची, फडकं, हळद, सगळं होतं. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. 'विद्यार्थ्याने ही बाब स्वतःहून सांगितली', असं एक वाक्य होतं. मॅडम, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण ते वाक्य मला पाठ आहे.

उत्तर आलं नाही. दिवाळीची सुट्टी लागली. आई-वडील यंदा माजलगावच्या बाजूला ऊसतोडीला गेले होते, मी त्यांच्याकडे गेलो. तिथे उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या असतात, एकेका कुटुंबाची एकेक. मी मोळ्या बांधू लागलो. फडातले लोक मला 'कॉलेज' म्हणतात. "ए कॉलेज, मोळी बांधतूस का वेणी घालतूस?" माझ्या फोनला तिथे रेंज नव्हती. रोज वाटायचं, उत्तर आलं असेल. रोज वाटायचं, हळदच असेल.

आईने एके दिवशी विचारलं, "तुजं तोंड कावून उतरलंय, लेकरा?"

सांगायला नको होतं, पण सांगितलं. उजेडाचं तिला किती कळलं माहीत नाही. फडक्याचं लगेच कळलं. तिने हातातला कोयता खाली ठेवला.

"धुतलं व्हतं रे म्या. दोनदा धुतलं व्हतं."

"तुझी काही चूक नाही, आई."

"माज्या फडक्यानं तुजं नुकसान झालं म्हण की."

मी नाही म्हणालो, पण तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी भाकरी तिने तिच्या नव्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरात बांधून दिली. एकदाही न नेसलेलं लुगडं. मी त्या दिवशी जेवलोच नाही, भाकरी तशीच परत आणली. तिने ती बघितली आणि बैलाला घातली. ते चार-पाच दिवस आम्ही दोघंही एकमेकांशी जपून बोलत होतो.

मग एका दुपारी आमच्या टोळीचे मुकादम मोटारसायकलवर बांधावरून ओरडत आले. "ए कॉलेज! तुजा कोण मामा हाय रं? सकाळधरनं धा फोन केलेत त्यानं. आमचं पण काम हाय का न्हाई?" मामांनी कॉलेजच्या ऑफिसमधून माझ्या गावचा नंबर मिळवला होता, तिथून मुकादमांचा. मुकादमांनी मला गाडीवर घेतलं, रेंज असलेल्या कालव्याच्या पुलावर नेलं आणि फोन लावून दिला. वडील फडातच राहिले. आई मागून चालत आली.

"कुटं गेलतास बे?" मामा फोनवर ओरडत होते. "धर, मॅडमशी बोल."

"अरे, उत्तर आलं," मॅडम म्हणाल्या. "नीट ऐक. दोन्ही शिश्यांत रेणू एकच आहे, आपलाच. हळद पहिल्या शिशीत आहे, पण नावापुरती. लाल रंग तिचा नाही. स्फटिकांची रचना वेगळी आहे, एवढाच फरक. तू घाईने थंड करून गाळलीस त्या भुकटीत रेणू सैल रचले गेलेत, त्यांना कूस बदलायला जागा आहे. मी रात्रभर सावकाश थंड केले, ते घट्ट बसले. म्हणजे दुसऱ्यांदा बिघडवली ती मी." त्या हसत होत्या. "सर म्हणतात, असं प्रत्यक्ष बघायला त्यांनाही आत्ताच मिळालं. जानेवारीपासून ये म्हणतात."

मी हो म्हणालो असेन. आई पुलाच्या कठड्याला धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात मामांनी फोन ओढून घेतला असावा, कारण त्यांचा आवाज पुन्हा कानात फुटला.

"खरी निघाली बे तुझी भुकटी! आई हाय का शेजारी? तिला सांग, फडक्याचा दोष न्हाई म्हणावं."