शबानाच्या नावाची एक ओळ

दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा कधी न बांधणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते... पण सहा वर्षं गप्प राहिलो, आता पुरे.

मांजरसुंब्याच्या चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे, फ्लेक्सचंही काम करतो. प्रत्येक फोटोच्या फाइलला गिऱ्हाइकाचं नाव अन् गाव द्यायची माझी सवय. समोर पंक्चर काढणाऱ्या युसूफभाईंच्या शबानाचा फोटो शाळेच्या फॉर्मसाठी काढला, तोही तसाच ठेवला. महिन्याभरात पोरगी तापानं गेली.

युसूफभाई आले. "सुनीलभाऊ, तेवढा मोठा करून द्या. फॉर्मवरल्या फोटोत शिक्का तोंडावरच हाय. दुसरा न्हाईच."

माझ्याकडेही नव्हता. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स घाईचे होते, डिस्क भरली... त्या महिन्याचे सगळे फोटो मीच उडवले होते. सांगायची हिंमत झाली नाही. "शोधतो," म्हणालो. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत फाइल शोधायची 'फाइंड' कमांड लिहिली, फाइलचं नाव जसंच्या तसं टाकलं. नुसतं नाटक.

एक ओळ आली: फोल्डरचा पत्ता अन् पुढं शबानाचं नाव. फाइल डिस्कवर असेल तरच अशी ओळ येते.

"सापडला?" युसूफभाई उठून उभे राहिले.

ओळीत लिहिलेला, त्याच महिन्याचा फोल्डर उघडला. रिकामा. "न्हाई भाई. कॅमेऱ्यातच खराब झालता."

"असू द्या. तुमी तरी काय करणार." उलट मलाच चहा मागवून गेले.

जाणकार म्हणतील, जुनी यादी असेल. फाइंड यादी वाचत नाही, डिस्कच चाळतं. पुढं मी डिस्क बदलली, कॉम्प्युटरही बदलला. नाव टाकलं की ओळ येतेच — फाइल नाही. ओळीतला फोल्डर मात्र बदलत गेला. आधी फ्लेक्सचा, मग घरच्या फोटोंचा. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा. ती आता शबानाएवढी झालीये.

ते दिसलं त्याच दुपारी रस्ता ओलांडला अन् युसूफभाईंना सगळं सांगून टाकलं. ते टबातल्या ट्यूबचे बुडबुडे बघत राहिले.

"मला तवाच कळलं होतं, भाऊ. हितनं दिसत होतं, तुमी चहाला हातच लावला न्हाई."

सांगितलं की ओळ जाईल, असं वाटलं होतं. नाही गेली. तिथंच आहे.

अन् कालपासून त्या फोल्डरमधला माझ्या मुलीचा एकही फोटो उघडत नाही. का, ते मला सांगता येत नाही. नावं सगळी दिसतात.